साठ खोल्यांचा कागद

तो लंगडी घालत आला. एका पायात काळी चप्पल, दुसरा पाय उघडा आणि थंडीने आखडलेला... चेहरा मात्र असा, की नागपुरात हल्ली सगळे असेच चालतात.

"आत्ता माईकवर बोललात त्या तुम्हीच ना?" खिडकीशी वाकून त्याने विचारलं. "'टॉय ट्रेनच्या रुळावर सापडलेली, काळ्या रंगाची, उजव्या पायाची चप्पल...'"

"मीच."

"ती माझी आहे."

मी टेबलाखालून चप्पल काढली, पण दिली नाही. वनरंग पार्कच्या 'हरवले-सापडले' खिडकीत बसून मला दोन वर्षं झाली होती. ओळख पटल्याशिवाय वस्तू द्यायची नाही असा नियम होता. चपलेला हा नियम कधीच कोणी लावत नसे. त्या दिवशी मी लावला. का लावला... ते मलाही ठाऊक नाही.

"ओळख पटवा."

"डावी माझ्या पायात आहे."

"डावी कोणाच्याही पायात असू शकते."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून जरा विचार केला. "अंगठ्याजवळ टाका आहे. लाल दोऱ्याचा. काळा दोरा घरात सापडला नाही."

मी चप्पल उलटी केली. लाल टाका होता. वाकडातिकडा.

"कोणी घातला हा?"

"मीच."

"दिसतंच आहे," मी म्हणाले, आणि चप्पल पुढे सरकवली. तो हसला. आवाज न करता हसायची त्याची रीत होती, खांदे तेवढे हलायचे.

जानेवारीतला गुरुवार होता. नदीवरचं धुकं नुकतंच निवळलं होतं आणि लाटांच्या तलावाकडून पोरांचा कालवा ऐकू यायला लागला होता. पवनीपासून सहा किलोमीटरवर, वैनगंगेच्या काठाला आमच्या मालकांनी, भैय्याजींनी, हे पार्क उभारलं. फायबरचे हत्ती, फायबरचे गवे, जंगलातून फिरणारी छोटी गाडी, मोठा पाळणा. नागपूर, गोंदिया, पार राजनांदगावहूनही लोक येत. सकाळी दहाला येत आणि शेवटच्या बसने, पाच वाजता जात. कारण राहायला जागा म्हणजे शेजारच्या आमच्या सिरसघाटातली चार घरं. त्यांतलं एक आमचं.

"इथे राहायची सोय कुठे होईल?" चप्पल घालता घालता त्याने विचारलं.

"आमच्या घरी," मी म्हणाले.

शब्द तोंडातून गेले आणि मी जागच्या जागी थिजले. तोही एका पायावर तसाच थांबला.

"म्हणजे... माझी आई खोल्या देते," मी घाईघाईने म्हणाले. "पाहुण्यांना. सगळ्यांनाच देते."

"सगळ्यांनाच देत असेल तर बरं," तो गंभीरपणे म्हणाला. त्याचे खांदे हलत होते.

त्याचं नाव सुगत रंगारी.

तो पाच दिवस राहिला. सकाळी माझ्याआधी पार्कात जायचा. हातात मोजणीचं छोटं यंत्र. माणूस आत आला की टिक, बाहेर गेला की टिक. टॉय ट्रेनमध्ये तर दिवसातून सात वेळा बसायचा. मी विचारलं, हे काय काम?

"गर्दी मोजतो. कोण किती वाजता येतं, कधी जातं, कुठे बसतं."

"मग?"

"मग त्याचा कागद करतो."

"मग?"

"मग मोठी माणसं तो कागद वाचतात. किंवा वाचत नाहीत."

मला वाटलं, नवा पाळणा लावायचा असेल भैय्याजींना. त्यापुढे मी काही विचारलं नाही. मोजता मोजता दुपारी तो माझ्या खिडकीशी यायचा, दोन कप चहा घेऊन. एक खिडकीच्या आत सरकवायचा. "हरवलेला नाही, आणलाय," असं म्हणायचा.

घरी आल्यावर तो चुलीजवळ पाटावर बसायचा. माय त्याला लाखोळीची भाजी आणि भात वाढायची, झिंग्यांची चटणी वाढायची आणि निरखून पाहायची. माझी माय, विमलाबाई, पाहुण्याला ताटावरून ओळखते. तिसऱ्या दिवशी तिने विचारलं, "बाबू, अजून भात देऊ?" आणि सुगतच्या तोंडून निघून गेलं, "नोको माय, काहून इतका वाढून राहिली?"

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

इतके दिवस हा माणूस पुण्याच्या पुस्तकासारखं बोलत होता.

"तुम्ही इकडचेच?" मी विचारलं.

"वरठीचा," तो ओशाळून म्हणाला. "बाबा स्टील प्लांटात होते. मी शिकायले नागपूरले गेलो आणि... कामावर असं बोललं की लोक ऐकत नाहीत हो."

"मी पण माईकवर तसंच बोलते," मी म्हणाले. "घरी कोण बोलतं तसं?"

"मंग आता घरीच आहे ना मी," तो म्हणाला. माय भात वाढायचं विसरून आमच्याकडे बघत राहिली. मी उठून उगाच अंगणात गेले. बाहेर थंडी होती आणि माझे कान तापले होते.

चौथ्या दिवशी दुपारी गर्दी ओसरली होती. माझ्या कपाटातल्या वस्तू पाहून तो चकित झाला. चष्मे, डबे, बाळाची एकच वाळी, रुमालात गुंडाळलेली दातांची कवळी.

"कवळीसुद्धा?"

"कवळी काहीच नाही. मागच्या वर्षी गोंदियाचे लोक म्हातारीच विसरून गेले होते. बिचारी माझ्याजवळ बसून शेंगा खात राहिली."

"लोक इतकं काहून विसरतात?"

आणि मी बोलत सुटले. दोन वर्षांत असं कोणी मला विचारलंच नव्हतं. मी माझी वही दाखवली. सापडलेल्या प्रत्येक वस्तूपुढे वेळ होती: पावणेचार, चार, सव्वाचार. "हे बघा. सकाळी कोणी काही विसरत नाही. चारनंतर माणसाचं डोकं इथं नसतंच, शेवटच्या बसमध्ये असतं. पोरं रडतात, बाया ओल्या कपड्यांनी पळतात. पाहायचं अर्धं राहून जातं. मले तर वाटते, लोक या पार्कात येतात ते फक्त इथून निघायले."

त्याने वहीतून मान वर केली. "हे लिहून घेऊ?"

"माझं बोलणं?" मला हसू आलं. "घ्या."

तो लिहीत राहिला. मला कोण आनंद झाला... माझं बोलणं कोणी लिहून घेत होतं. मग मी त्याला आणखी सांगितलं. नागपूरच्या एका मास्तरीणबाईंना आमच्या अंगणातल्या न्हाणीत बेडूक भेटला, त्या ओल्या केसांनी थेट रस्त्यावर गेल्या. आमच्यासारख्याच खोल्या देणाऱ्या बेबीबाईकडे एक आजोबा राहिले, त्यांना पहाटे अंगण ओलांडून जायचं तर माणूस धरायला लागायचा. तो हसत होता. मी त्याला हसवत होते. आणि त्याचं पेन चालू होतं.

पाचव्या दिवशी सकाळी तो निघाला. मायने डबा दिला होता, तो घेऊन मी फाट्यापर्यंत गेले. धुकं इतकं होतं की बस आधी ऐकू आली, मग दिसली.

"रुचिता," तो म्हणाला. पहिल्यांदाच नुसतं नाव. "मी परत येईन, तेव्हा... तुले एक गोष्ट सांगायची आहे."

"आता सांगा ना."

"आता नाही सांगता येत." त्याने डबा दोन्ही हातांनी धरला. "पण सांगायची आहे."

बस गेली. मी धुक्यात उभी राहिले. एक गोष्ट सांगायची आहे म्हणे. तेवीस वर्षांच्या पोरीला एक गोष्ट कोणती वाटणार?

नऊ दिवस मी ती गोष्ट मनातल्या मनात त्याच्या आवाजात ऐकली.

दहावा दिवस बुधवार होता. बुधवारी पार्क बंद असतं. भैय्याजींनी जादूच्या प्रयोगाच्या हॉलमध्ये सभा बोलावली होती: त्यांचे दोन भागीदार, सरपंच टिकारामजी, पार्कातली माणसं, आणि सिरसघाटातली ती चार घरं. माय पहिल्या रांगेत होती, शेजारी बेबीबाई. विषय कोणालाच माहीत नव्हता.

अकराचे साडेअकरा झाले. भैय्याजींनी फोन कानाला लावला, काढला. "रिपोर्टवाले साहेब वरठीच्या फाटकात अटकले आहेत. मालगाडी उभी आहे म्हणतात. किती वाट बघायची?" मग त्यांनी मला हाक मारली. "रुचिता बेटा, इकडे ये. रिपोर्ट तूच वाच. तुझा आवाज अच्छा आहे, सगळ्यांना समजेल."

मी माईक घेतला. वीसेक पानं होती. मी माझ्या माईकच्या आवाजात सुरुवात केली.

"'वनरंग पार्कने स्वतःच्या आवारात हॉटेल बांधावे की नाही, याचा अभ्यास.'"

हॉलमध्ये खुर्च्या करकरल्या. माय जराशी पुढे वाकली. मी वाचत गेले. येणारे किती, जाणारे किती, लांबून येणारे किती. मग पान उलटलं.

"'पार्कात हरवलेल्या बहुतेक वस्तू दुपारी पावणेचारनंतर हरवतात. चारनंतर माणसाचं डोकं इथं नसतंच...'"

माझा आवाज अडला. पुढचे शब्द मला वाचायची गरज नव्हती. ते माझेच होते.

"...'शेवटच्या बसमध्ये असतं.'"

डोकं सुन्न झालं, पण तोंड चालू राहिलं. दोन वर्षांची सवय. समोर अक्षर आलं की आवाज निघतो. मी वाचलं, की गावातल्या खोल्यांत आपुलकी आहे, पण न्हाणी अंगणात आहे. मी वाचलं, की एका पाहुणीला न्हाणीत बेडूक आढळला. मी वाचलं, की वृद्धांना पहाटे अंगण ओलांडताना माणूस धरावा लागतो. एकेक वाक्य मी हसत हसत त्याला दिलं होतं, आणि आता भर सभेत, माझ्याच तोंडून, माझ्या मायसमोर ते परत येत होतं.

"'शिफारस. पार्कने स्वतःचे साठ खोल्यांचे हॉटेल बांधावे. अभ्यासक...'"

मला नाव वाचता येईना. भागीदारांपैकी एकाने वाकून वाचलं, "सुगत रंगारी."

बेबीबाई माझ्याकडे बघत होती. "ते बेडकाचं," ती हळूच म्हणाली, "तूच सांगितलं का वो, पोरी?"

मी माईक हातात धरून नुसती उभी होते. मायकडे बघायची हिंमत नव्हती. हीच ती एक गोष्ट होती. नऊ दिवस मी जी ऐकली... ती ही होती.

तेवढ्यात दार उघडलं. सुगत. धापा टाकत, केस विस्कटलेले, छातीशी एक फाईल. माझ्या हातातली पानं पाहून त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. मी वाचेन हे त्याच्या स्वप्नातही नसावं.

"तो कागद वाचू नका," तो म्हणाला.

"वाचून झाला," भैय्याजी म्हणाले.

"मग तो फाडा." त्याने फाईल टेबलावर ठेवली. "हा दुसरा आणलाय. हॉटेलची गरज नाही. गावातल्याच खोल्या सुधारायच्या, तेवढ्यात भागतं. सगळं लिहिलं आहे."

भैय्याजी त्याच्याकडे बघतच राहिले. "दहा दिवसांत एकाच माणसाचे दोन रिपोर्ट? एकात बांधा, एकात नका बांधू?"

भागीदार एकमेकांकडे पाहू लागले. आणि मग पहिल्या रांगेतून माझी माय उठली. सभेत ती कधी बोललेली मी पाहिली नव्हती. तिने पदर खोचला.

"बाबू," ती म्हणाली, "माह्या हातचं पाच दिवस जेवला तू. खरं सांग. या दोन कागदांतला खरा कोणता?"

सुगत खाली बघत होता. तसाच म्हणाला, "पहिला."

"पुरा खरा?"

"साठ खोल्या खोट्या आहेत. माझ्या मोजणीत चोवीस निघाल्या. पावसाळ्यात पार्क बंद असतं, साठ खोल्या कोण भरणार? साठ माझ्या कंपनीच्या साहेबांनी घातले. बाकी... बाकी खरं आहे."

"मंग हा दुसरा कायले लिहिला? कोणासाठी?"

त्याने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं.

हॉलमधल्या चाळीस माणसांच्या माना एकदम माझ्याकडे वळल्या. सरपंचांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. भैय्याजींचं तोंड उघडंच राहिलं. कोणीतरी मागून म्हणालं, "अरे बाप." माझ्या हातातला माईक चालू होता, आणि साऱ्या हॉलला माझा श्वास ऐकू जात होता.

माय तेवढी शांत होती. "असं," ती म्हणाली. "बरं, ते मंग पाहू. पहिले माहं ऐका. हॉटेल बांधा."

मला वाटलं, मी चुकून काही दुसरंच ऐकलं.

"माय?"

"हाव. बांधा. सहा वर्षं झाले, मी पहाटे चारले उठतो आणि पाण्याचा गंज चुलीवर ठेवतो. पाहुण्यायले गरम पाणी पायजे, चहा पायजे, पोराले दूध पायजे. माह्ये गुडघे गेले. आंधळगावले माही बहीण राहते, तिच्या घरी दोन दिवस राहून आली नाही. सहा वर्षं दसऱ्याले दीक्षाभूमीले गेली नाही मी. काहून? तर पाहुणे राहतेत." तिने पदर पुन्हा घट्ट खोचला. "माह्या पोरीले वाटते, मायचं घर चालते म्हणून माय खूश आहे. तिनं मले कधी विचारलं नाही. मी पण सांगितलं नाही."

मी खाली बसले. सुगतने माझ्या मायच्या पोटावर पाय दिला म्हणून मी दोन मिनिटांपूर्वी जळत होते. आणि मायच्या गुडघ्यांत काय दुखतं, ते एका घरात राहून मला कळलं नव्हतं.

"पण फुकटात नाही," माय भैय्याजींना म्हणाली. "स्वयंपाकघर आमच्या बायायच्या हाती पायजे. पगारी काम, ठरलेली वेळ. हप्त्यातून एक सुट्टी. आणि दसऱ्याची सुट्टी अलग."

"मी माह्या खोल्या सोडणार नाही हो," बेबीबाई म्हणाली. "माह्याकडे लोक माह्या हातच्या पातोडीसाठी येतेत. हॉटेल बांधा का राजवाडा बांधा."

"नोको सोडू. तुले कोण म्हणते?"

मग सगळेच बोलायला लागले. भागीदारांना साठच हव्या होत्या, सरपंचांना आधी रस्ता हवा होता. भैय्याजी दोन्ही कागद समोर ठेवून, कपाळाला हात लावून बसले. कोणाचं लक्ष नाही असं पाहून मी माईक ठेवला आणि मागच्या दाराने बाहेर पडले.

तो माझ्या मागून आला. फायबरच्या हत्तीपाशी मी थांबले.

"रुचिता, भैय्याजींनी बजावलं होतं, गावात बोलायचं नाही. म्हणून मी..."

"त्या दिवशी फाट्यावर हेच सांगायचं होतं?"

"हे पण."

"'पण' काय असतं?" माझा आवाज चढला नाही, उलट अगदी खाली गेला. "तुम्ही विचारलं, लिहून घेऊ? मी म्हटलं, घ्या. पण कायच्यासाठी घेता, ते नाही सांगितलं. आज माह्याच तोंडानं मी माह्या मायच्या न्हाणीतला बेडूक साऱ्या गावाले वाचून दाखवला."

"म्हणून तर दुसरा..."

"दुसरा माह्यासाठी लिहिला. खोटा लिहिला. तरी मले विचारलं नाही. माझ्यासाठी खोटं बोलायचं, ते मले पायजे का नाही, हे तुम्हीच ठरवलं. पहिल्यात माझं बोलणं नेलं, दुसऱ्यात माझं नाव न घेता मले सभेत उभं केलं. दोन्ही वेळा मले विचारायचं राहूनच गेलं."

त्याने समजावलं नाही, हात पुढे केला नाही. एवढंच म्हणाला, "खरं आहे." मग वळून हॉलकडे गेला. मला वाटलं होतं, तो काहीतरी म्हणेल... त्याच्या त्या 'खरं आहे'ने मला रडू आलं.

कंपनीने त्याला कामावरून काढलं. दोन कागद लिहिणारा माणूस त्यांना नको होता. हे मला पंधरा दिवसांनी भैय्याजींकडून कळलं, आणि त्याच दिवशी हेही कळलं, की भैय्याजींनी त्याला स्वतःकडे ठेवून घेतलं आहे. "बेटा, भर सभेत आपलाच आकडा खोटा आहे म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला," ते म्हणाले. "चोवीस खोल्या. त्याच्याच देखरेखीत बांधतो."

फेब्रुवारीत तो परत आला. आमच्याकडे उतरला नाही. पवनीला खोली घेतली होती. माझ्या खिडकीशीही आला नाही. तो गावात फिरत होता. एकेका घरात बसायचा, कागद काढायचा आणि वाचून दाखवायचा: स्वयंपाकघर असं, न्हाणी अशी, कामाच्या वेळा अशा. "हे लिहू का?" प्रत्येक ओळीला विचारायचा. बेबीबाईने सात ओळी खोडायला लावल्या. त्याने सातही खोडल्या.

माय रोज सांगायची. "आज आला होता. म्हणे, माय, ओटा किती उंच पायजे? माह्या कंबरेले पट्टी लावून मोजला त्यानं ओटा." मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. "तुहं नाव नाही काढलं," माय म्हणायची, आणि माझ्या तोंडाकडे बघायची.

एक महिन्याने तो खिडकीशी आला. हातात एकच कागद होता.

"हॉटेलातल्या पाहुण्यांसाठी पार्क संध्याकाळी सातपर्यंत चालू ठेवायचं म्हणतो," तो म्हणाला. "त्याचं कारण म्हणून तुमची ती वही दाखवायची आहे. वेळांची. भागीदार पाहतील, कदाचित हसतील. दाखवू का?"

मी वही त्याच्यापुढे सरकवली नाही. "उद्या सांगते," म्हणाले.

"बरं."

दुसऱ्या दिवशी आला. मी म्हणाले, "दाखवा. पण खाली माझं नाव टाका. अभ्यासक म्हणून."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग त्याचे खांदे हलले. दोन महिन्यांनी मी ते पाहत होते... आणि माझ्या आत काहीतरी सैल झालं.

त्यानंतर तो रोज यायला लागला. एक गोष्ट विचारायचा, उत्तर ऐकायचा, जायचा. खिडक्या नदीकडे करू का? म्हाताऱ्यांच्या खोल्या खालीच ठेवू ना? मी भांडायचे, तो ऐकून घ्यायचा. कधी तो भांडायचा, मी ऐकायचे. कधी विचारायचं काही नसायचं, तरी यायचा. "आज काही नाही," म्हणायचा, आणि चहा संपेपर्यंत थांबायचा. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

एप्रिलमध्ये पाया भरून झाला. एका सकाळी, ऊन चढायच्या आत, मी पाहायला गेले. विटांचे ढीग लागले होते. मोहाच्या झाडाखाली पहाटेची फुलं पडली होती आणि त्यांचा गोड, जड वास साऱ्या आवारात भरला होता. सुगत एका चौकोनात उभा होता.

"ही मायची जागा," तो म्हणाला. "इथं ओटा. इथून तिले नदी दिसेल."

"आणि ही?"

"ही ऑफिसची. इथं..." तो थांबला. हातातली मोजपट्टी त्याने घडी घातली, पुन्हा उलगडली. "रुचिता, एक विचारायचं आहे."

"विचार ना. रोजच विचारतो."

"हे रोजचं नाही." त्याने घसा खाकरला. "नाही म्हटलं तरी काम तसंच चालेल. मायचा ओटा तेवढाच उंच राहील. मी खिडकीशी येणार नाही, किंवा तू म्हणशील तर येईन. मी सगळा विचार करून आलो आहे, नाही म्हटलं तर काय काय करायचं..."

"आधी विचार तरी."

तो माझ्याकडे बघत राहिला. जानेवारीपासून साऱ्या गावाला शंभर प्रश्न विचारणारा माणूस, आणि त्याचे ओठ कोरडे पडले होते.

"माझ्याशी लग्न करशील?"

माझ्याकडे उत्तर होतं. पुष्कळ दिवसांपासून होतं. तरी ते शब्द खरोखर कानावर आले तेव्हा कोणी नकळत पाण्यात ढकलल्यासारखं झालं.

"हाव," मी म्हणाले.

तो हलला नाही. आनंद नाही, हसू नाही, काहीच नाही. नुसता उभा. मग त्याने मागे हात करून विटांचा ढीग चाचपला आणि त्यावर बसला.

"काय झालं?" मी घाबरून जवळ गेले.

"काही नाही... नाही म्हटलं तर काय करायचं, त्याची पुरी तयारी करून आलो होतो," तो म्हणाला. "हाव म्हटलं तर काय करायचं, ते ठरवलंच नव्हतं."

मी त्याच्या शेजारी विटांवर बसले. आमच्या दोघांच्या मध्ये वीतभर जागा होती. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि मग त्याने माझा हात हातात घेतला. त्याची बोटं गार पडली होती.

"ऐकू तर आलं ना?" मी विचारलं.

"आलं," सुगत म्हणाला. "पण पुन्हा एकदा म्हण."